अल्पश्रमे जलतरण : महापालिकेच्या तलावातील साधकांसाठी मार्गदर्शिका

शरीराची प्रत्येक हालचाल घडत असतानाच तिच्याकडे शांतपणे लक्ष देणे यास सजग सराव म्हणतात. या सरावासाठी महापालिकेच्या जलतरण तलावाइतके योग्य स्थान आढळत नाही. कारण 45 मिनिटांच्या बॅचमध्ये एकाच लेनमधून आठ जण जात-येत असता ज्याचे चित्त स्वतःच्या कोपरावर स्थिर राहते, त्यास हिमालयात जाण्याचे प्रयोजन उरत नाही. प्रस्तुत विवेचन फ्रीस्टाइल या प्रकारापुरते मर्यादित असून, साधकास एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जाता येते, मात्र तेथे पोहोचल्यावर बोलता येत नाही, एवढी पात्रता त्यात गृहीत धरली आहे.

सिद्धान्त

पाण्याची घनता हवेच्या सुमारे 800 पट असते आणि पाण्याचा विरोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट केल्यास विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करण्यास आठपट शक्ती लागते. यास्तव बळ वाढवण्याआधी अडथळा कमी करावा, असे शास्त्र सांगते, आणि अमेरिकी प्रशिक्षक टेरी लाफलिन यांच्या ‘टोटल इमर्शन’ या 1996 सालच्या पुस्तकाचा भरही शरीराचा तोल साधण्यावर आणि ते लांब, निमुळते ठेवण्यावर आहे. परंतु ज्याने तीन महिन्यांचे शुल्क आगाऊ भरले आहे, त्यास दमल्याखेरीज पैसे वसूल झाल्याचे समाधान मिळत नाही, आणि कार्यक्षमतेच्या मार्गात पाण्याहून अधिक विरोध या हिशेबाचा होतो.

कृती

एका फेरीत एकाच गोष्टीकडे लक्ष द्यावे, हा सर्वसाधारण नियम होय.

पहिली फेरी डोक्यासाठी राखावी. फुप्फुसांतील हवेमुळे छाती तरंगते व पाय खाली जातात. अशा स्थितीत डोके वर काढल्यास कंबर आणखी बुडते आणि तिरपे झालेले शरीर पाणी ढकलत पुढे सरकते. म्हणून नजर तळाच्या काळ्या पट्टीवर ठेवावी. निखळलेल्या फरशा मोजण्यास हरकत नाही, मात्र त्यांविषयीची तक्रार बॅच संपल्यावर करावी.

दुसरी फेरी श्वासाची. श्वास घेण्याची निकड प्रामुख्याने रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे जाणवते. तरीही नवशिका पाण्याखाली श्वास कोंडून धरतो आणि तोंड वर येताच उच्छ्वास व श्वास ही दोन्ही कामे एका क्षणात उरकू पाहतो, ज्यातून त्यास बहुधा क्लोरीनचे पाणीच मिळते. याकरिता पाण्याखाली नाकातोंडाने सतत बुडबुडे सोडावेत आणि श्वास घेताना अंगासोबत डोके एवढेच वळवावे, की गॉगलची एक काच पाण्यातच राहील. शेजारच्या लेनमधील गृहस्थ किती पुढे गेले हे पाहणे श्वसनक्रियेत मोडत नाही.

तिसरी फेरी हातापायांची. हात पाण्यात शिरल्यावर कोपर उंच ठेवून तळवा व मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग मागच्या दिशेस करणे, यास पकड म्हणतात. पाणी खाली दाबल्यास शरीर वर उचलले जाते, पुढे जात नाही. पायांचे मोठे स्नायू प्राणवायू भरपूर खर्च करतात, म्हणून पाय कमरेपासून व आटोपशीर मारावेत. कठड्यावरील पालकांच्या अंगावर उडालेले पाणी साधकास पुढे नेण्याच्या कामी आलेले नसते.

मोजमाप

एका फेरीत मारलेले हात आणि लागलेले सेकंद यांच्या बेरजेस स्वोल्फ म्हणतात व ती जितकी कमी तितकी उत्तम. उदाहरणार्थ, 25 मीटरसाठी 24 हात व 34 सेकंद लागणाऱ्याची बेरीज 58 होते. तोच साधक 20 हातांत व 35 सेकंदांत पोहोचल्यास ती 55 वर येते, म्हणजे तो किंचित हळू जाऊनही सुधारला. केवळ हात कमी करण्याच्या मोहाने जो प्रत्येक हातानंतर ओंडक्याप्रमाणे तरंगत राहतो, त्याची लबाडी सेकंदांत उघडी पडते. शिवाय मागून येणारे सभासदही ती त्याच्या निदर्शनास आणून देतात.

सिद्धी

अखेरची परीक्षा ज्येष्ठ सभासद घेतात. पाणी उडेनासे झाले, धाप लागेनाशी झाली आणि फेऱ्या मात्र वाढल्या, की त्यांपैकी कोणीतरी साधकास थांबवून, “काय हो, हल्ली पूर्वीसारखं जोरात पोहत नाही तुम्ही, तब्येत बरी आहे ना?” अशी काळजीने चौकशी करतात. यावर साधकाने कोणताही खुलासा करू नये. विरोधाचा वर्ग, पकड व स्वोल्फ समजावून सांगण्याची अनिवार इच्छा झालीच, तर वसुलीचा हिशेब मनातून अद्याप गेला नाही असे समजावे आणि पहिल्या फेरीपासून पुन्हा आरंभ करावा.