डिकी आणि मूलभूत हक्क

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निर्वाळा दिला: खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. गोव्याहून बांद्याकडे निघालेल्या गाडीत हा हक्क महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत सुखरूप असतो. पुढे 'एमएच'ची पाटी हाच गोव्याची दारू आणल्याचा सबळ पुरावा. काच खाली, डिकी वर. काजूच्या पिशव्या, ओले टॉवेल, आजीचा गुडघ्याचा पट्टा, सगळे महसुलापुढे उघडे.

त्याच वर्षी जुलैत जीएसटी आला. देश एक झाला, कर एक झाला. दारू मात्र बाहेर राहिली. त्यामुळे माणूस भारतीय असला तरी बाटली परराज्यातलीच.

संशय निराधार आहे असे मात्र नाही. गोव्यात कर कमी, इथे जास्त. ट्रकच्या चोरकप्प्यांतून खोकी खरोखरच येतात. पण चोरकप्पावाल्याला घाम फुटत नाही. तो फुटतो मोज्यात एक बाटली गुंडाळून आणणाऱ्या निवृत्त काकांना.

आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 ने झडतीचे चित्रीकरण सांगितले आहे, तेही शक्यतो मोबाइलवर. नागरिकाच्याच रक्षणासाठी हो! म्हणजे पूर्वी मोजा फक्त हवालदाराने पाहिला असता, तो आता दंडाधिकारीही पाहणार.

काकांची हरकत तत्त्वाची नाही. "साहेब, खुशाल शूटिंग करा, पण आवाज बंद ठेवा. मागे बसलेल्या हिला ते कोकम सरबत आहे असं सांगितलंय."