बक्षीस, बाकी आणि अहो

पहिल्यांदा कैरोला निघालेलं मराठी जोडपं विमानतळावरच ओळखू येतं. दोघांच्या गळ्यात पासपोर्टच्या पिशव्या, सामानात चकल्यांचा डबा आणि चेहऱ्यावर ‘तिथे भाषेचं कसं व्हायचं’ ही चिंता. यातली चकल्यांची तरतूद रास्त आहे. भाषेची चिंता मात्र उगाचची. माझं म्हणणं असं, की मराठी माणूस कैरोत उतरतो तेव्हा तिथला निम्मा बाजार त्याला तोंडपाठ असतो. फक्त हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून तो सहल कंपनीच्या झेंड्यामागे मुकाट चालत राहतो. जेवण झाल्यावर वेटरकडे मागायचा तो ‘हिसाब’. नोट दिल्यावर परत यायची ती ‘बाकी’. दुकानाला ‘दुक्कान’, साबणाला ‘साबून’, खुर्चीला ‘कुर्सी’. २०११ साली जगभर गाजलेला तहरीर चौक म्हणजे ‘मैदान अल्-तहरीर’. अला अल्-अस्वानी यांची एका जुन्या घरातल्या बिऱ्हाडांवरची कादंबरी २००२ साली आली, तिचं अरबी नाव ‘इमारत याकुबियान’. यात भाषांतर करायला आहे काय? पुरे म्हणायचं तर ‘बस्’ आणि सौदा मिटला की ‘खलास’. एवढ्या भांडवलावर आपल्याकडे माणसं बाजार समितीची निवडणूक लढवतात.

हे शब्द इकडे आले कसे, ते शाळेत शिकलेलं असतं. अरबीतून फारसीत आणि फारसीतून बहामनी, निजामशाही, आदिलशाहीच्या दफ्तरांत, तिथून आपल्या तोंडात. पण मला गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, परक्या शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पेशव्याचा पंतप्रधान झाला. पुढे सावरकरांनी तारखेचा दिनांक केला. दरबार बदलला, कचेरी बदलली, पण हिशेब, बाकी, फायदा, नुकसान, दुकान हे शब्द जागचे हलले नाहीत. बाकी काढता येते, ‘बाकी’ काढून टाकता येत नाही. जिथे पैशाचा व्यवहार आहे तिथे माणूस शुद्धीच्या भानगडीत पडत नाही, आणि पर्यटक म्हणून आलेल्या जोडप्याला पैशाच्या व्यवहाराखेरीज दुसरं बोलायचं तरी काय असतं?

यावर कुणी म्हणेल, पुस्तकातली अरबी वेगळी आणि रस्त्यावरची वेगळी. खरं आहे. कैरोकर ‘क’ची एक जात सरळ गिळतो. त्यामुळे ‘बाकी’चं ‘बाई’सारखं काहीतरी ऐकू येतं आणि सुटे पैसे मोजत दुकानदार आपल्या बायकोबद्दल काय बोलतोय, असा नवऱ्याला संशय येतो. स्वतःच्या शहराचं नाव ‘अल्-काहिरा’, तिथला ‘क’ मात्र तो शाबूत ठेवतो. तिकडच्या पिरॅमिडला ‘हरम’ म्हणतात. टॅक्सीवाल्याने ‘हरम, हरम’ असा पुकारा केला तर नवऱ्याने कान टवकारायचं कारण नाही आणि बायकोनेही. तो हरम वेगळा, हा साडेचार हजार वर्षांचा आणि दगडी. खरा धोका आहे ‘गरीब’ या शब्दात. खान अल्-खलीलीत, म्हणजे १३८२ सालापासून गिऱ्हाईक पारखत आलेल्या बाजारात, पितळी दिव्याचा भाव पाडताना मराठी माणूस सवयीने काकुळतीला येतो, ‘अहो, आम्ही गरीब माणसं’. अरबीत ‘गरीब’ म्हणजे परका, अनोळखी. म्हणजे भाव कमी करण्याऐवजी आपण स्वतःच्या तोंडाने सांगतो की आम्ही नवखे आहोत, काय हवं ते लावा.

आकड्यांचा आक्षेप त्याहून सबळ. तिकडच्या लिपीत पाचचा आकडा हुबेहूब आपल्या शून्यासारखा, आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका. पन्नास पौंडांची पाटी आपल्याला ‘शून्य आणि पुढे टिंब’ अशी दिसते. फुकट आहे असं समजून नवरा दोन घेतो. गंमत म्हणजे या आकड्यांना अरबीत ‘हिंदी’ आकडे म्हणतात. आपलीच मुलगी सासरी जाऊन ओळखू न येण्याइतकी बदलावी, तसं हे झालं. कोशरीचंही तेच. भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर तळलेला कांदा आणि टोमॅटोचा रस्सा. हिचा उगम आपल्या खिचडीत सांगतात. आपण हिला मूगडाळीसह पाठवलं होतं, मॅकरोनी तिने तिकडे जमवली.

आता मुख्य मुद्दा, बक्षीस. ‘बक्षीस’ हा शब्द इकडेही आहे आणि तिकडेही, फिरली आहे ती फक्त दिशा. मराठी माणसाला बक्षीस मिळतं. आयुष्यात एकदाच, पाचवीत, वक्तृत्वाचं, उत्तेजनार्थ. कैरोत ते द्यावं लागतं. मशिदीबाहेर चपला सांभाळणारा, स्वच्छतागृहात कागदाचे दोन चतकोर हातात ठेवणारा, ज्याची पाटी आपल्याला दिसते आहे तीच मूर्ती बोटाने दाखवणारा, हे सगळे स्पर्धक. परीक्षकाच्या खुर्चीवर आपण. आणि परीक्षक दोन असले की गुण जुळत नाहीत: एकाला वाटतं पाच फार झाले, दुसरीला वाटतं दहा दिले असते तर त्याने आणखी एक दार उघडलं असतं. उंटवाल्याची तर वेगळीच फेरी असते. चढवण्याचा भाव निराळा, उतरवण्याचा निराळा, आणि दुसरा कळतो तो वर बसल्यावर. उंटावरचा शहाणा ही म्हण गिझात तयार झाली नाही याचं नवल वाटतं.

ही लूट आहे, असं म्हणणारे भेटतात. त्यांना एवढंच विचारावं, की वेरूळच्या खिडकीवर परदेशी पाहुण्याकडून आपल्या कित्येक पट पैसे घेतात तेव्हा आपल्या मनात कोणता शब्द येतो? आणि दिवाळीत पोस्त देताना आपण जी कुरकुर करतो ती कोणत्या भाषेत असते? शिवाय कैरोकराचीही बाजू आहे. कुणी फसवायला लागलं की तो म्हणतो, ‘मला हिंदी समजलास का?’ हिंदी म्हणजे भारतीय, म्हणजे भोळा. आपण हेच ‘मला मामा समजलास का’ असं म्हणतो. रागवायचं कारण नाही. निदान ते आपल्याला लबाड तरी समजत नाहीत.

तेव्हा जोडप्याने झेंडा सोडावा आणि एक संध्याकाळ खान अल्-खलीलीच्या बोळांत खुशाल हरवावं. ‘बिकाम’ म्हणजे ‘केवढ्याला’, हा एकच शब्द नवा शिकावा लागेल. गर्दीत चुकामूक झाली तरी बायकोने घाबरू नये, नेहमीसारखी ‘अहो!’ अशी हाक मारावी. इजिप्तच्या बोलीत ‘अहो’ म्हणजे ‘हा काय, इथेच आहे’.