पुस्तक पारखण्याची सोपी कृती

(नवशिक्यांसाठी. पूर्वानुभवाची गरज नाही, असल्यास विसरावा.)

आधी हिशेब. महिन्याला दोन पुस्तके वाचणारा माणूस आपल्याकडे दांडगा वाचक समजला जातो. त्याने चाळीस वर्षे एक महिना न चुकवता वाचले, तरी बेरीज ९६० भरते. हजारही नाही. तालुक्याच्या बऱ्यापैकी वाचनालयात त्याच्या कितीतरी पट पुस्तके नुसती कपाटांत उभी असतात. तेव्हा हा ९६०चा कोटा रेशनच्या साखरेसारखा वापरायचा आहे, एवढे ध्यानात ठेवून कामाला लागावे.

साहित्य: एक कापडी पिशवी, जवळचा चष्मा, एस.टी.ची दोन-चार जुनी तिकिटे (उपयोग शेवटी येईल) आणि "अरे, हे अजून वाचलं नाहीस?" असे विचारणारा एक परिचित. परिचित कोणत्याही गावात फुकट मिळतो.

कृती:

१. आवृत्ती मोजा. मुखपृष्ठावर लाल गोलात 'सातवी आवृत्ती' दिसली की नवशिक्याचा हात खिशाकडे जातो. तो तिथेच धरावा. आवृत्तीत किती प्रती काढल्या हे पुस्तकावर बहुधा नसते. हजाराची आवृत्ती ही मराठीतली जुनी रीत. आता पाचशेची, त्याहून लहानही निघते. पाचशेच्या सात आवृत्त्या आणि साडेतीन हजारांची एकच, यांत फरक त्या लाल गोलाचा.

२. मलपृष्ठ वाचा, पण कोश जवळ ठेवून. 'दाहक वास्तव' म्हणजे शेवटी कोणीतरी मरते. 'तरल' म्हणजे शेवटपर्यंत काहीच घडत नाही. 'वेगळ्या वाटेवरची कादंबरी' म्हणजे प्रकाशकालाही कळलेली नाही. 'एका बैठकीत वाचून संपणारे' म्हणजे ९६ पाने, मोठा टाइप. 'प्रत्येकाच्या संग्रही असावे असे' म्हणजे संग्रही असावे. वाचावे असे कोणी म्हटलेले नाही.

३. प्रस्तावना तपासा. प्रस्तावनाकार मोठा असेल तर मूळ लेखकाचे नाव पहिल्यांदा कितव्या पानावर येते ते पाहावे. पहिल्या पानावर आले, तर त्याने पुस्तक वाचलेले आहे. चौथ्या पानापर्यंत स्वतःच्या तरुणपणच्या आठवणी चालू असतील, तर त्याने ते चाळलेले आहे. शेवटी नुसत्याच 'शुभेच्छा' असतील, तर पुस्तक त्याच्या टेबलावर होते, एवढेच सिद्ध होते.

४. पुरस्कारांची यादी पाहा आणि जपून राहा. ज्ञानपीठ मराठीकडे चार वेळा आले: १९७४चे वि. स. खांडेकरांना, १९८७चे कुसुमाग्रजांना, २००३चे विंदा करंदीकरांना आणि २०१४चे भालचंद्र नेमाडे यांना. खांडेकरांना ते 'ययाति'साठी मिळाले. पुढे नियम बदलला आणि सन्मान एका पुस्तकाऐवजी लेखकाच्या एकूण कामगिरीचा होऊ लागला. म्हणजे लेखक कोणता ते समितीने सांगायचे, त्याचे कोणते पुस्तक हातात घ्यायचे ते तुम्ही शोधायचे. साहित्य अकादमी पुस्तकाचे नाव घेते खरे, पण तिच्या भरवशावर नेमाडे वाचायला निघालेला माणूस 'टीकास्वयंवर' या समीक्षाग्रंथापाशी पोहोचतो, कारण अकादमीचा पुरस्कार त्याला आहे. १९६३ साली आलेली त्यांचीच कादंबरी 'कोसला' मात्र पोरे हॉस्टेलवर एकमेकांकडून मागून नेत राहिली.

५. परिचिताची परीक्षा घ्या. त्याने पुस्तक वाचले आहे का, असे थेट विचारू नये, हो म्हणेल. "तुला कुठे कंटाळा आला?" असे विचारावे. ज्याने खरेच वाचले आहे तो लगेच जागा सांगतो. "छे, कुठेच नाही!" असे उत्तर आले, तर त्याने परीक्षण वाचले आहे.

६. मधले पान उघडा. पहिले पान लेखकाने दहा वेळा घासलेले असते. वधूपरीक्षेच्या पोह्यांवरून रोजचा स्वयंपाक ओळखू नये. दोनशे पानांच्या पुस्तकाचे एकशे तिसावे पान काढावे. तिथे लेखकाला वाटत असते की आता आपल्याकडे कोणी बघत नाही. हा प्रयोग पुण्याच्या आप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत करणार असाल तर सकाळी करावा. संध्याकाळी मागून गाईड मागणाऱ्यांचे धक्के बसतात आणि दोष लेखकाच्या वाक्यरचनेला जातो. उभ्याने दोन पाने वाचून पाय दुखल्याचे लक्षात आले नाही, तर पुस्तक घ्यावे. हा सबंध कृतीतला एकमेव बिनपैशाचा आणि बिनचूक प्रयोग आहे.

७. वाचनालयाचे सभासद व्हा. महाराष्ट्रात ही सोय जुनी आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८चे. १९६७च्या कायद्याखाली सार्वजनिक ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात. पुस्तकांना असे वर्ग नाहीत, म्हणून शेवटी चिकटवलेली तारखांची चिठ्ठी वाचावी. एकाच वर्षी वीस शिक्के आणि नंतर सगळे कोरे असेल, तर त्या वर्षी पुस्तकाला काहीतरी मिळाले होते किंवा त्यावर मालिका आली होती. दरवर्षी दोन-तीनच शिक्के, पण पंचवीस वर्षे न चुकता, असे दिसले तर दुसरे काहीही न पाहता घरी न्यावे. संगणक आलेल्या ठिकाणी चिठ्ठी नसते. तिथे पुस्तक मिटून त्याची कड पाहावी. हातांचा मळ जिथपर्यंत पोहोचला आहे, वाचक तिथपर्यंत पोहोचले आहेत.

८. सोडायला शिका. ही सर्वांत अवघड पायरी. पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करणारी आपण माणसे. ते अर्ध्यात टाकणे म्हणजे पानात अन्न टाकण्याइतके जिवावर येते. पण १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडणाऱ्या एस. आर. रंगनाथन यांचे चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याचेच आहे. ते ग्रंथपालांनी मनावर घेतले. लेखकांपर्यंत अजून पोहोचायचे आहे. तोवर ती जबाबदारी तुमची. भिडेखातर शेवटपर्यंत रेटलेले प्रत्येक पुस्तक त्या ९६०मधलेच एक कमी करते.

आता तिकिटे. मी एकदा वाचनालयातून एक जाडजूड कादंबरी आणली. पाचशेवर पाने, लाल गोल, तीन पानी गौरव. आत एस.टी.ची तीन तिकिटे निघाली. तिन्ही वेगवेगळ्या सालची, एक तर बारा रुपयांचे. एक ३८व्या पानाशी, दोन ४१व्या. तीन अनोळखी माणसे, वेगवेगळ्या वर्षी, जवळजवळ एकाच थांब्यावर उतरली होती. त्या पुस्तकावर इतका प्रामाणिक अभिप्राय मी कुठे छापलेला पाहिला नाही. तरी मी हट्टाने पुढे गेलो आणि ६७व्या पानाशी उतरलो.

माझे तिकीट मी तिथेच ठेवून पुस्तक परत केले. तुम्हीही ठेवा. ग्रंथपाल रागावतील, तर रागावू द्या. आणि एखाद्या जुन्या पुस्तकाची कड शेवटच्या पानापर्यंत मळलेली असून आत एकही तिकीट सापडले नाही, तर ते आधी स्वतःच्या नावावर चढवून घ्या. ही कृती पूर्ण वाचायची मग गरज नाही.