खात्रीने बाद व्हा: सॉफ्टबॉलच्या नवशिक्या बॅटरसाठी मार्गदर्शिका

सॉफ्टबॉलमध्ये बाद होण्यासाठी चेंडू हुकावा लागतो, असा एक गैरसमज आहे. प्रत्यक्षात चेंडू झकास टोलवूनही बाद होता येतं. त्यासाठी आपल्या पायांकडे साफ दुर्लक्ष करण्याची तयारी तेवढी हवी. १८८७ साली शिकागोच्या फॅरागट बोट क्लबात जॉर्ज हॅनकॉक यांनी बॉक्सिंगचा हातमोजा बांधून त्याचा चेंडू केला, बॅट म्हणून झाडूचा दांडा घेतला आणि जमिनीवर खडूने रेघा ओढल्या. रेघ आली की वाद आलाच. आज आपल्या शालेय स्पर्धांत, क्रीडागुणांच्या आशेने संघात भरती झालेल्या मुलांपासून त्यांच्या मामा-काकांपर्यंत सगळे तो वाद निष्ठेने पुढे नेत आहेत. त्यांच्यासाठी हा छोटा अभ्यासक्रम.

धडा १ : जागा मोजू नका

होम प्लेटच्या दोन्ही बाजूंना फक्कीने आखलेले दोन चौकोन दिसतील. डावीकडचा आणि उजवीकडचा बॅटर्स बॉक्स. प्रत्येक ७ फूट लांब, ३ फूट रुंद. प्लेटच्या मध्यापासून पिचरच्या दिशेला ४ फूट आणि कॅचरच्या दिशेला ३ फूट. आतली रेघ प्लेटपासून ६ इंचांवर. रेघा बॉक्समध्येच धरल्या जातात, म्हणजे रेघेवरचा पाय आतच. उत्तम बॅटर पहिल्या चेंडूआधी या रेघा पाहून घेतो. तुम्ही मात्र सरळ येऊन उभे राहा आणि आईने मोबाइल आडवा धरलाय का, तेवढं पाहा.

धडा २ : रेघ पुसा

मागची रेघ बुटाने घासून नाहीशी केली की मागे कितीही सरकता येतं, ही युक्ती फार जुनी आहे. मागे उभं राहिलं की चेंडू पाहायला निमिष जास्त मिळतो, हे खरंच. पण पंच हे सारं कॅचरच्या पाठीमागून पाहत असतो आणि रेघ कुठे होती हे त्याच्या लक्षात असतं. काही नियमावल्यांत मुद्दाम रेघ पुसणाऱ्या बॅटरच्या नावावर एकही चेंडू न पडता एक स्ट्राइक लागते. तीन स्ट्राइकना बाद होता येत असताना पहिली अशी फुकटात मिळत असेल, तर सोडू नये.

धडा ३ : पाऊल टाका, पण कुठेही

हा या अभ्यासक्रमाचा गाभा. चेंडू बॅटला लागला त्या क्षणी तुमचं एक पाऊल संपूर्णपणे रेघेबाहेर जमिनीवर टेकलेलं असेल, तर तुम्ही बाद. फटका फेअर असो वा फाउल, फरक नाही. चेंडू डेड होतो आणि पळायला निघालेले साथीदार आपापल्या बेसवर परत जातात.

यात सुटण्याच्या वाटा बऱ्याच आहेत, त्या टाळा. टाच रेघेवर आणि बोटं बाहेर असली तर तुम्ही वाचता. पाऊल बाहेर पण हवेत असलं तरी वाचता. बाहेर पाऊल टाकून बॅट फिरवली आणि चेंडू लागलाच नाही, तर ती नुसती स्ट्राइक. होम प्लेटला मात्र अशी सूट नाही: फटका लागताना बुटाचं टोक जरी प्लेटला टेकलेलं असलं तरी काम फत्ते.

डावखुऱ्यांना इथे जन्मजात सवलत आहे. पहिला बेस त्यांच्या बाजूला असल्याने ते मागून धावत येत चेंडूला हलकेच चापट मारतात आणि त्याच वेगात पळत सुटतात. याला स्लॅप म्हणतात. पायाला चेंडूपेक्षा जास्त घाई झाली की बाद.

धडा ४ : मत बदला

पिचर कॅचरकडून खूण घेत उभी आहे. अशा वेळी तुम्हाला वाटलं, आज डावखुरं खेळून पाहावं. लगेच या चौकोनातून त्या चौकोनात उडी मारा. चेंडू हातातून सुटायच्या आत तुम्ही बाद! खूण घेण्याआधी बाजू बदलली असती तर कोणी हूं की चूं केलं नसतं, म्हणून वेळ साधणं महत्त्वाचं.

धडा ५ : अंगावर घ्या

चेंडू अंगाला लागला की पहिला बेस फुकट, एवढंच पाठ करा आणि उरलेला नियम सोडून द्या. उरलेला नियम असा: स्ट्राइक झोनमधून जाणारा चेंडू अंगावर घेतला किंवा फिरवलेली बॅट हुकून चेंडू अंगाला लागला, तर ती स्ट्राइक. हात हा बॅटचाच भाग असतो, असं सांगणारा एक जाणकार प्रत्येक मैदानावर भेटतो. तो नसतो. बॅट फिरवताना चेंडू बोटांवर बसला तर बोटंही सुजतात आणि स्ट्राइकही लागते.

आपणच मारलेला चेंडू उसळून आपल्याच अंगाला लागला तर? बॉक्समध्ये असाल तर फाउल. बॉक्स सोडून फेअर जागेत आला असाल तर बाद. इथेही निकाल पायाच्या जागेवरच लागतो.

धडा ६ : क्रिकेट विसरू नका

फटका बसल्यावर पळायचं की नाही, हे नॉन-स्ट्रायकरकडे पाहून ठरवा. नॉन-स्ट्रायकर नसतो, म्हणून निवांत उभे राहा. फेअर फटक्यावर पळणं सक्तीचं आहे, ही गोष्ट पहिल्या बेसवर चेंडू पोहोचल्यावर कळेलच. पळालातच तर बॅट सोबत न्या.

तिसरी स्ट्राइक पडल्यावर मान खाली घालून लगेच परता. कॅचरच्या हातून चेंडू निसटलेला असतो आणि पहिला बेस रिकामा असेल किंवा दोन बाद झालेले असतील, तर तुम्हाला पळायचा हक्क असतो. प्रशिक्षक ‘पळ, पळ’ म्हणून ओरडत असतात. तुम्हाला वाटतं, ते रागावलेत.

धडा ७ : पंचाच्या खुणा क्रिकेटच्या डोळ्यांनी वाचा

पंचाने दोन्ही हात वर केले की प्रेक्षकांतल्या मामांनी टाळ्या वाजवाव्यात, कारण तो षटकार. सॉफ्टबॉलमध्ये ती फाउल किंवा डेड बॉलची खूण आहे. दोन्ही हात आडवे पसरले तर वाइड समजावं. इथे त्याचा अर्थ धावणारा सेफ. वर उठलेली उजवी मूठ मात्र क्रिकेटच्या बोटाचीच बहीण, म्हणजे आउट.

फेअर चेंडूला पंच काहीच बोलत नाही, नुसता आतल्या बाजूला हात दाखवतो. फेअर आणि फाउल हे शब्द गोंगाटात सारखेच ऐकू येतात, म्हणून एकच ओरडायचा. तेव्हा पंच गप्प दिसला की त्याला झोप लागलीय असं समजून जागेवर थांबा.

डावा हात आडवा, मूठ बंद, आणि खेळ चालूच, असं दिसलं तर ती लांबवलेल्या डेड बॉलची खूण. पिचरची फेक बेकायदा होती किंवा कोणी अडथळा आणला. हिशेब खेळी संपल्यावर. क्रिकेटच्या नो-बॉलचा आडवा हात आठवणाऱ्याला इथे योगायोगाने बरोबर उत्तर सापडतं, म्हणून सावध राहा.

धडा ८ : वाद घाला

पंचाच्या निकालाचे दोन प्रकार. पाऊल बाहेर होतं का, चेंडू झोनमधून गेला का, हा नजरेचा निकाल. त्यावर तक्रार दाखल होत नाही. नियमच चुकीचा लावला, हा दुसरा प्रकार. त्यावर रीतसर तक्रार करता येते, पण पुढचा चेंडू पडायच्या आत. पहिल्या प्रकारावर अर्धा तास भांडा आणि दुसऱ्यावर सामना संपल्यावर, चहा पिताना, बोला.

उजळणी

प्रश्न : दोन बेसवर साथीदार. बॅटरचा बूट होम प्लेटवर, आणि फटका कुंपणापार. धावा किती?

उत्तर : शून्य. बॅटर बाद, साथीदार आपापल्या बेसवर परत. कुंपणापलीकडून चेंडू कोणी आणायचा, याबद्दल नियमपुस्तक गप्प आहे. आपल्याकडे ज्याने मारला त्यानेच आणायचा.