कॉन्टोसोच्या साहेबांस, अनुभवाच्या दाखल्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक साहेब,
कॉन्टोसो लिमिटेड,
मुक्काम पोस्ट : प्रश्नपत्रिका.

विषय : अनुभवाचा दाखला मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती की, मी आपल्या कंपनीत २०१३ सालापासून डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून राबत आहे. पगार कधी मिळाला नाही, उलट प्रत्येक पाळीला फी मीच भरली. आपण मला चेहऱ्यानं ओळखत नसाल. 'तुम्ही कॉन्टोसोचे डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहात' असं प्रश्नाच्या पहिल्याच ओळीत सांगून आपण ज्याला कामाला जुंपता, तोच मी.

पत्र खुलं आहे, चार लोक वाचणार, म्हणून आपली ओळख करून देतो. कॉन्टोसो ही मायक्रोसॉफ्टनं पुस्तकांसाठी आणि परीक्षांसाठी कागदावर काढलेली कंपनी. फॅब्रिकॅम आणि लिटवेअर ही तिची चुलत भावंडं. सायकली विकणारी अ‍ॅडव्हेंचर वर्क्स त्यातल्या त्यात घरंदाज. तिच्या नमुना डेटाबेसात २९० कर्मचारी आहेत आणि पहिल्या ओळीत मुख्याधिकारी केन सांचेझ बसलेत. नॉर्थविंड ट्रेडर्स खाण्यापिण्याच्या जिनसांची. तिच्या मालाच्या यादीत पहिल्या नंबरवर 'चाय' आहे. त्या चहाकडे नंतर येतो. यातल्या एकाही कंपनीनं आजवर रुपयाचा माल विकलेला नाही, सर्व्हर मात्र सगळ्यांचेच रोज पडतात.

साहेब, स्पष्ट बोलतो. आपल्याकडे काही म्हणजे काही धड चालत नाही, आणि अपेक्षा बघा! डेटाची एक ओळ जाता कामा नये, सर्व्हर मिनिटभरही बंद राहता कामा नये, आणि हे सगळं 'कमीत कमी प्रशासकीय श्रमात'. ही शेवटची अट वाचली की मला आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आठवतात. टाकी लख्ख धुऊन हवी, पाणी एक तासही जायला नको आणि माणूस लावायचा नाही. वर चार पर्याय देता. एक खुळा, एक उगाच महागडा आणि उरलेले दोन जुळे भाऊ. फरक एका शब्दाचा : 'रिकव्हरी' की 'नोरिकव्हरी'.

या एका शब्दावर मी तीन रविवार घातले आणि ते वाया गेले असं म्हणवत नाही. एसक्यूएल सर्व्हरचा ट्रान्झॅक्शन लॉग म्हणजे दुकानाची रोजकीर्द. व्यवहार आधी तिच्यात टिपायचा. खतावणीत, म्हणजे डेटा फाइलमध्ये, सवडीनं चढवायचा. खतावणी जळाली तरी तिची जुनी नक्कल आणि त्यानंतरची रोजकीर्द हाताशी असेल तर हिशेब पुन्हा उभा राहतो. आता आपला लाडका प्रश्न. रविवारी रात्री पूर्ण बॅकअप, बाकीच्या रात्री डिफरन्शियल (म्हणजे पूर्ण बॅकअपनंतर बदललेलं तेवढं), दर १५ मिनिटांनी लॉग. बुधवारी सकाळी १० वाजून २० मिनिटांनी डेटाची डिस्क गेली. पहिलं काय कराल? नवखा माणूस रविवारचा बॅकअप चढवायला धावतो आणि तिथेच घसरतो. आधी रोजकीर्दीची शेवटची, अजून कुठेच उतरवून न घेतलेली पानं काढून घ्यायची : टेल-लॉग बॅकअप. मग रविवारचा पूर्ण, मंगळवार रात्रीचा डिफरन्शियल (सोमवारचा लागत नाही), त्यापुढचे लॉग ओळीनं आणि सगळ्यात शेवटी ती शेपटी. शेपटीपर्यंत प्रत्येक पायरीला 'नोरिकव्हरी'. मध्येच 'रिकव्हरी' लिहिलंत की वहीवर सही-शिक्का बसला, पुढचं पान तिला चिकटत नाही. चला पुन्हा रविवारपासून.

हे मी आपल्याकडे शिकलो. आपलं मीठ खाल्लंय, नाकारत नाही. मीठही मीच विकत आणलं होतं, ही गोष्ट वेगळी.

काही मंत्र मात्र उगाच पाठ केले. इंडेक्स ३० टक्क्यांच्या वर विस्कटला तर रीबिल्ड, खाली असेल तर रीऑर्गनाइझ, असं मी परीक्षाकेंद्राबाहेर पुटपुटत उभा होतो. पुढे कळलं की मायक्रोसॉफ्टमध्ये असताना याच भागावर काम केलेल्या पॉल रँडल यांनीच सांगून टाकलंय, की लोकांना काहीतरी आकडा हवा होता म्हणून दिलेला तो अंदाज होता. बाराचा पाढा पाठ करावा आणि मग गुरुजींनी म्हणावं, बारा आपला असाच घेतला होता.

आपल्या कंपनीचा सगळ्यात मोठा दोष सांगू? आपल्याकडे घेतलेला बॅकअप बहुधा शाबूतच निघतो. बाहेर तसं नसतं. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीतल्या एका दमलेल्या इंजिनिअरनं भलत्याच सर्व्हरवरचं डेटाबेसचं फोल्डर उडवलं. बॅकअप शोधायला गेले तर बॅकअपचा प्रोग्रॅम ९.२ आवृत्तीचा आणि पोस्टग्रेस डेटाबेस ९.६ चा, म्हणून बॅकअप होतच नव्हता. तो होत नाही हे कळवणाऱ्या मेलही पोचत नव्हत्या. सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी काढलेली एक नक्कल सापडली म्हणून निभावलं. त्यांनी लपवलं काही नाही, दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली. असा प्रश्न आपण मला कधी घातला नाहीत.

बरं, माझी खरी नोकरी ऐका. एका पतसंस्थेतून रात्री आठला फोन. 'सर, पिग्मीचा भरणा होत नाहीये.' बघतो तर डेटा ६ जीबी, लॉग १४० जीबी, डिस्क काठोकाठ, एरर ९००२. रिकव्हरी मॉडेल 'फुल', म्हणजे लॉगचा बॅकअप घेतल्याशिवाय लॉग रिकामा होणार नाही, आणि तो बॅकअप जन्मात घेतलेला नाही. गंमत अशी की फुल मॉडेलमध्येसुद्धा पहिला पूर्ण बॅकअप होईपर्यंत लॉग आपला आपण रिकामा होत राहतो. इथे सिस्टिम बसवणाऱ्यानं उद्घाटनाच्या दिवशी, पेढे वाटायच्या आधी, चेअरमनसाहेबांना एकदाच बॅकअप घेऊन दाखवला होता. तेव्हापासून रोजकीर्द फुगत होती. ऑपरेटर म्हणाला, 'सर, ही एलडीएफ फाइल नुसती लॉगचीच आहे ना? डिलीट मारतोय, पण वापरात आहे म्हणतंय. सर्व्हिस बंद करून मारू?' मी असा ओरडलो की शेजारच्या काकूंनी बेल वाजवली.

लॉगचा बॅकअप घ्यायचा, पण ठेवायचा कुठे? मॅनेजरसाहेबांच्या घरून एक हार्ड डिस्क आली. तिच्यावर स्केचपेननं लिहिलं होतं, 'ताईचा साखरपुडा'. आपल्या अ, ब, क, ड मध्ये ही डिस्क मी कधी पाहिली नव्हती. रात्री दोनला भरणा सुरू झाला. सकाळी मॅनेजरसाहेब म्हणाले, 'म्हणजे फाइल लहान केलीत, एवढंच ना?'

आता चहा. २०१३ साली मी जी ७०-४६२ पास झालो, ती परीक्षाच मायक्रोसॉफ्टनं ३१ जानेवारी २०२१ ला मोडीत काढली. म्हणून डीपी-३०० ला बसलो. परीक्षा घरून. टेबल मोकळं केलं, खोलीच्या चारी बाजूंचे फोटो पाठवले, तोंडातल्या तोंडात पुटपुटायचं नाही ही अटही पाळली. आईला बजावलं होतं, अकरा ते एक दार उघडायचं नाही. तिनं अकरा चाळीसला उघडलं. 'सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या,' म्हणत कप टेबलावर ठेवला, बशीसकट. पलीकडून पाहणाऱ्याला खोलीत दुसरी व्यक्ती दिसली आणि परीक्षा तिथेच संपली. नॉर्थविंडच्या यादीत चहाची किंमत १८ आहे. मला तो अख्ख्या फीला पडला. आई अजून विचारते, की तो माणूस आपल्याला बघत होता तर त्यालाही विचारायला नको होतं का.

दुसऱ्यांदा केंद्रावर जाऊन बसलो. हजारात सातशे लागतात, मला ७१२ मिळाले. हे सातशे म्हणजे सत्तर टक्के नव्हेत, हे मी बाबांना समजावायचं आता सोडून दिलंय.

तर दाखल्याचं असं. मुलाखतीला गेलो की विचारतात, प्रत्यक्ष अनुभव काय? पतसंस्थेची आणि साखरपुड्याच्या डिस्कची गोष्ट सांगितली की घड्याळाकडे बघतात. कॉन्टोसो म्हटलं की सावरून बसतात, कारण तेही तिथूनच आलेत. तरी कृपा करून लेटरहेडवर दाखला द्यावा. मजकूर मी तयार ठेवलाय : 'सदर इसमाने आमचे येथे बारा वर्षे पडलेले सर्व्हर उचलले. वर्तणूक चांगली. पुटपुटण्याची सवय आहे.' सही तेवढी हवी.

आपला नम्र,
पर्याय क

ता. क. : डीपी-३०० चं प्रमाणपत्र वर्षभरच चालतं, त्यामुळे नूतनीकरणाची मेल आताच आली. हे नूतनीकरण फुकट आहे. आपल्याकडे बुधवारी पुन्हा डिस्क गेलेली दिसते. आईला सांगून येतो.