धूमकेतूचा पतंग न होऊ देता

विज्ञानातले इंग्रजी नाम स्पॅनिशमध्ये नेण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्याला शेपूट लावणे. ऑक्सिजनला 'ओ' लावला की ओक्सिखेनो, प्रोटीनला 'आ' लावला की प्रोतेइना. याला शब्दकोश लागत नाही आणि दोन यशांनंतर आत्मविश्वास फुकट मिळतो. त्याच भरात सिलिकॉनची सिलिकोना करावी. म्हणजे संगणकाची चिप खिडकीच्या फटी बुजवायच्या रबरी पदार्थाची बनते. मूलद्रव्याचे नाव सिलिसिओ आहे. कार्बनला शेपूट न लावता 'कार्बोन' लिहावे, की कोळसा हाती येतो, मूलद्रव्य कार्बोनो. तेव्हा पहिली पायरी अशी: ओळखीचा वाटणारा शब्द भेटला की आधी त्याच जागी दुसरा कोणी बसलेला नाही ना, हे पाहावे.

शब्द बरोबर निघाला तरी काम अर्धेच झाले, कारण लिंग ठरायचे असते. 'आ'कारान्त शब्द स्त्रीलिंगी, हा नवशिक्यांचा लाडका नियम. पण खेनोमा (जीनोम), प्लास्मा, प्लानेता (ग्रह) हे ग्रीक वळणाचे शब्द 'आ'कारान्त असूनही पुल्लिंगी आहेत. 'कोमेता'च्या आधी पुल्लिंगी उपपद 'एल' आले तर धूमकेतू, स्त्रीलिंगी 'ला' आले तर पतंग. हॅलेचा धूमकेतू सुमारे ७६ वर्षांनी परततो खरा, पण मांजाशिवाय. 'एल कोलेरा' म्हणजे कॉलरा, 'ला कोलेरा' म्हणजे संताप. आरोग्य खात्याच्या अहवालात एवढी चूक झाली, की गावात रागाची साथ पसरते. मराठीत धूमकेतू, पतंग, कॉलरा, संताप हे चारही 'तो' असल्याने आपला कान इथे सावध होत नाही.

यावर कोणी म्हणेल, संदर्भावरून वाचकाला कळतेच. कळते; पण त्याला अनुवादकही कळतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: प्रत्येक नाम 'एल' किंवा 'ला'सकट पाठ केले की झाले ना? बहुतेक वेळा होते. मात्र आघातयुक्त 'आ'ने सुरू होणाऱ्या स्त्रीलिंगी नामाआधी एकवचनात 'एल'च येतो. दमा म्हणजे 'एल आस्मा', पण जुनाट दमा 'एल आस्मा क्रोनिका'. विशेषण स्त्रीलिंगीच राहते. म्हणजे शेवटचा स्वर फसवतो, उपपदही फसवते, आणि खरी साक्ष देते ते विशेषण. म्हणून वहीत नाम कधीही एकटे लिहू नये. आधी उपपद आणि नंतर विशेषण, असा बंदोबस्त ठेवूनच लिहावे.

एवढा खटाटोप ज्यांना नको, त्यांनी जन्मभर फक्त विकरांवर लिहावे. विकर म्हणजे 'एन्सिमा', आणि या शब्दाला स्पॅनिश अकादमीने दोन्ही लिंगे मान्य केली आहेत. अट एकच: पहिल्या ओळीत जे लिंग दिले, ते शेवटच्या ओळीपर्यंत निभवावे लागते.