करवतीआधी गणित करा

पावसाळा तोंडावर आला की शहरातल्या झाडांवर करवत चालते. कुठली फांदी तोडायची ते बहुतेक वेळा शिडीवरचा माणूस ठरवतो. हाताला येतात त्या खालच्या, आतल्या फांद्या आधी उतरतात आणि शेंड्याला तेवढा झुपका उरतो. कागदावर याला ‘धोका कमी केला’ म्हणतात. प्रत्यक्षात तो वाढवलेला असतो.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी 60 किलोमीटरचा वारा 120 वर गेला की दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. हा दाब जितक्या उंचावर लागेल तितका बुंध्यावर, मुळांवर ताण जास्त. आतल्या फांद्या काढल्या की भार वर सरकतो. शिवाय फांद्या वेगवेगळ्या तालात हलून एकमेकींचे हेलकावे मोडत असतात, तेही थांबतं. शेंडा थोडासाच, पण जाणत्या हाताने उतरवला, तर मुळाशी येणारा ताण चांगलाच घटतो.

हे मोजता येतं. जर्मनीत लोथार वेसोली आणि गुंटर झिन यांनी 1980च्या दशकात पद्धत बसवली: झाडाला दोर बांधून मोजक्या जोराने ओढायचं, खोड किती ताणलं आणि बुंधा किती कलला ते बघायचं. कल पाव अंशाच्या आत ठेवतात, म्हणजे झाडाला इजा होत नाही. त्यावरून ते वादळात टिकेल का, याचा अंदाज बांधतात. आपल्याकडे इमारतींसाठी भारतीय मानक 875 आहे. त्यात मुंबईचा पायाभूत वाऱ्याचा वेग सेकंदाला 44 मीटर आणि पुण्याचा 39 मीटर धरलाय. पानं-फांद्या वाऱ्यात मिटतात, त्यामुळे भिंतीचा हिशेब झाडाला जसाच्या तसा चालत नाही. पण सुरुवात करायला आकडे हाताशी आहेत. शेजारची इमारत पाडली की आडोशातलं झाड एकदम उघड्यावर येतं, ही नोंद तरी कोण ठेवतं?

आणि मुळं? केबलसाठी चर खणताना ती सर्रास तोडली जातात, वर बुंध्यापर्यंत काँक्रीट. मग गुलमोहर कोसळला की दोष वाऱ्याला.

प्रत्येक जुन्या झाडाची उंची, घेर, मुळांची स्थिती आणि वाऱ्याच्या भाराचा अंदाज नोंदवल्याशिवाय त्याला करवत लागता कामा नये. तुमच्या गल्लीत झाडालगत चर खणायला सुरुवात झाली, तर मुळं तुटायच्या आत वॉर्ड ऑफिसात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.